ठरावीक नावांसाठी वेगळी वाट

घरून व्हीपीएन जोडून काम करताना ऑफिसातल्या सर्व्हरचं नाव अनेकदा सापडत नाही, कारण सार्वजनिक डीएनएसला ते माहीतच नसतं. यावरचा उपाय म्हणजे कंडिशनल फॉरवर्डिंग: ठरावीक डोमेनचे प्रश्न ऑफिसच्या डीएनएसकडे, बाकी सगळे नेहमीच्या वाटेने.

डीएनएसमास्कमध्ये त्यासाठी ‘सर्व्हर’ची एकच ओळ पुरते: दोन तिरप्या रेघांमध्ये डोमेन, पुढे आयपी पत्ता. दोन नियम जुळले, तर अधिक नेमक्या डोमेनचा नियम चालतो. बाइंडमध्ये ‘फॉरवर्ड’ प्रकारचा झोन लिहितात. तिथे ‘फर्स्ट’ नव्हे, ‘ओन्ली’च निवडा. ‘फर्स्ट’मध्ये ऑफिसच्या सर्व्हरने उत्तर दिलं नाही, की तोच प्रश्न बाहेर विचारला जातो आणि आतली नावं परक्यांच्या नजरेस पडतात. विंडोज सर्व्हरमध्ये ही सोय २००३ च्या आवृत्तीपासून आहे.

अनबाउंडमध्ये मात्र नियम बिनचूक असूनही उत्तर अडू शकतं. डीएनएससेक पडताळणीत खासगी डोमेन नापास होतं, किंवा रीबाइंडिंगविरोधी संरक्षण १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते उत्तरातून गाळून टाकतं. ‘डोमेन-इनसिक्युअर’ आणि ‘प्रायव्हेट-डोमेन’ या ओळींनी त्या डोमेनला नावानिशी सूट द्यावी लागते. पत्त्यावरून नाव शोधायचं असेल, तर उलट्या झोनचा नियमही स्वतंत्र लिहायला हवा.

नवं डोमेन ठरवताना ‘.लोकल’ टाळा, ते एमडीएनएससाठी राखीव आहे. घरच्या नेटवर्कसाठी ‘होम.अर्पा’ २०१८ पासून राखून ठेवलेलं आहे, तेच वापरा.