म्यूऑनचा माग

जिनीव्हा शहराजवळ जमिनीखाली, प्रोटॉनांच्या टकरी घडविण्यासाठी २७ किलोमीटर परिघाचा बोगदा आहे. तेथील सीएमएस या अवाढव्य यंत्रात टकरीतून उडालेले बहुतेक कण आतल्या थरांतच अडतात. इलेक्ट्रॉनाच्या सुमारे २०७ पट जड असा म्यूऑन मात्र जाड लोखंडही भेदून जातो. तो स्वतः दिसत नाही. वाटेत त्याचे तुटक ठिपके तेवढे नोंदले जातात. ते जोडून संगणक त्याचा माग आखतो. चुंबकामुळे हा माग वाकतो; बाक जितका कमी, तितका कणाचा जोर, म्हणजे संवेग, अधिक. पण ठिपके असतात शेकडो कणांचे! जत्रेच्या धुळीतून एकाच माणसाची पावले निवडावीत, तसे हे काम. परका ठिपका जोडला गेला, तर संवेगही चुकतो. म्हणून बाहेरच्या थरांतील माग आतल्या मागाशी जुळवून पाहतात. २०१२ साली हिग्ज कणाचा शोध लागला, त्या पुराव्यात अशा चार-चार म्यूऑनांचे मागही होते.