दुर्बीण घेताना : दिवसा पाखरे, रात्री तारे

पक्षिनिरीक्षण आणि आकाशदर्शन हे दोन्ही छंद तसे खर्चाचे नाहीत. परंतु दुर्बीण विकत घेण्याची वेळ आली की मध्यमवर्गीय कुटुंबाची पंचाईत होते. मुलांचा हट्ट असतो, पैसा मोजका असतो आणि खोक्यावर ‘दोनशे पट मोठे दिसेल’ असे ठळक अक्षरांत छापलेले असते. त्या आकड्याला भुलून घेतलेली दुर्बीण चार-दोन रात्रींतच माळ्यावर जाते आणि तिच्याबरोबर मुलाचे कुतूहलही विझते, हे शाळेत इतकी वर्षे काढल्यावर मी पुष्कळदा पाहिले आहे. म्हणून आपल्या पांढुर्णा-सौंसर भागातील वाचकांसाठी या विषयाचा थोडा विचार करू.

संत्र्याच्या बागेतील बुलबुल किंवा शिंजीर पाहण्यास हातात धरावयाची दोन डोळ्यांची दुर्बीणच उत्तम. तिच्यावर ८×४२ असे लिहिलेले असते. म्हणजे आठपट विशालन आणि पुढच्या भिंगाचा व्यास ४२ मिलिमीटर. ज्यांच्याकडे ती नाही, त्यांनी आधी तीच घ्यावी. मात्र हिवाळ्यात तळ्याच्या मध्यावर उतरलेली तलवार बदके किंवा कन्हानच्या वाळूत तुरुतुरु पळणारा कंठेरी चिखल्या नीट न्याहाळायचा, तर आठपट विशालन अपुरे पडते. जवळ जावे तर थवा उडतो. आणि हजारो मैलांवरून आलेल्या थकल्या जिवांना विनाकारण उठवणे योग्य नव्हे. येथे स्पॉटिंग स्कोप ही तिपाईवर बसणारी एकनळी दुर्बीण उपयोगी पडते. चिखल्याच्या डोळ्याभोवतीचे पिवळे कडे तिच्यातून दिसते आणि पक्षी आपल्या जागी निवांत राहतो.

अशा दुर्बिणीवर २०–६०×६० किंवा २०–६०×८० असे आकडे असतात. पहिले दोन विशालनाचे, शेवटचा भिंगाच्या व्यासाचा. यांतील शेवटचा आकडा अधिक मोलाचा. व्यासाला विशालनाने भागले, की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ६० मिलिमीटरच्या भिंगाला वीसपट विशालनावर ती ३ मिलिमीटर, तर साठपटीवर अवघी १ मिलिमीटर असते. पक्षी मोठा दिसतो खरा, पण अंधुक. ८० मिलिमीटरचे भिंग ६० च्या तुलनेत पावणेदोन पटींहून थोडा अधिक प्रकाश गोळा करते. तथापि त्याचे वजन आणि किंमत दोन्ही वाढतात. पायी हिंडणाऱ्यास ६० ते ६५ मिलिमीटरचे भिंग पुरेसे होते.

रात्रीच्या आकाशासाठी एवढे पुरेल काय, अशी शंका साहजिक आहे. गॅलिलिओने जानेवारी १६१० मध्ये गुरूचे चार चंद्र शोधले, ते सुमारे वीसपट विशालनाच्या दुर्बिणीतून! आजच्या चांगल्या स्कोपची भिंगे त्याच्या भिंगांहून कितीतरी सरस आहेत. चंद्रावरील विवरे, शुक्राच्या कला, कृत्तिकांचा पुंजका आणि मृगातील तेजोमेघ त्यातून पाहता येतो. तीसपटीच्या पुढे शनीची कडीही ओळखता येतात. चंद्र मात्र अष्टमीच्या सुमारास पाहावा. पौर्णिमेला सावल्या नसल्याने विवरे उठून दिसत नाहीत. अतिमंद तेजोमेघांचा ध्यास असेल, तर मोठी खगोलीय दुर्बीणच हवी. पण तिच्यात प्रतिमा बहुधा उलटी दिसते. ताऱ्यांना त्याची बाधा नसली, तरी पक्षी पाहताना तो अडथळाच.

खरेदी करताना आणखी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. नेत्रिका ४५ अंशांत वाकलेली असावी. माथ्यावरचा तारा पाहताना मान अवघडत नाही आणि उंच बाप व ठेंगणी लेक एकाच तिपाईवर पाहू शकतात. चष्मा असणाऱ्यांनी तो न काढता पूर्ण दृश्य दिसते की नाही, हे दुकानातच पाहावे. तिसरी गोष्ट तिपाईची. वीसपट विशालनात हाताचा कंपही वीसपट होतो; डळमळत्या तिपाईवर महागडे भिंग व्यर्थ. थोडे लहान भिंग घ्या, पण तिपाई भक्कम घ्या. आपल्या उन्हात जमीन तापली की हवा थरथरते, तेव्हा साठपटीचा उपयोग नाही. पक्षी सकाळीच पाहावेत.

पावसाळ्यात भिंगांवर बुरशी धरते, म्हणून दुर्बीण सिलिका जेलसह हवाबंद डब्यात ठेवावी. धूळ आधी हलकेच फुंकून घ्यावी. धोतराच्या सोग्याने भिंग पुसू नये. आणि सूर्याकडे दुर्बीण कधीही रोखू नये. क्षणार्धात दृष्टी जाते. मुलांना ही ताकीद पहिल्याच दिवशी द्यावी.

एकट्याला खर्च झेपत नसेल, तर तीन-चार घरांनी वर्गणी काढावी किंवा गावच्या वाचनालयासाठी एक दुर्बीण घ्यावी. सोबत सलीम अलींचे १९४१ साली प्रथम निघालेले भारतीय पक्ष्यांवरचे पुस्तक आणि कै. मारुती चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ असावा. दिवे गावातच राहिले आणि आपण शिवारात गेलो, की येथील आकाश आजही पुष्कळ काळे असते. मोठ्या शहरांतील मुलांना सहजी न लाभणारे हे वैभव आपल्या मुलांच्या दाराशी आहे. त्यांना ते वेळेवर दाखवावे.