सीट वर गेली, भार हातांवर आला

मानव विकास कार्यक्रमातून राज्यातल्या मागास तालुक्यांत आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेसाठी सायकली मिळतात. आठवीत मिळालेली सायकल बारावीपर्यंत तीच राहते, मुलगी मात्र वाढत असते. पाय आखडू लागले की सीट वर घेतली जाते. हँडलकडे सहसा कोणी पाहत नाही. सपाट गावात हे खपून जाईल. जव्हार-मोखाड्याच्या चढउतारांवर आणि तिथल्या धो धो पावसात खपत नाही.

असे का, ते वर्गात पाहता येते. वजनकाटा टेबलावर ठेवा. समोर स्टुलावर मुलीला बसवून दोन्ही तळहात काट्यावर नुसते टेकवायला सांगा. आकडा लिहून घ्या. आता स्टुलाखाली विटा घालून ते भक्कम बसवा, तेवढ्याच विटा पायांखालीही ठेवा आणि पुन्हा मोजा. बैठक उंचावली की धड पुढे झुकते, गुरुत्वमध्य पुढे सरकतो आणि काट्यावरचा आकडा वाढतो. सायकलवर हाच वाढीव भार तळहात पेलतात.

उतारावर त्यात भर पडते. मुलीचे वजन 40 किलो धरू. वीसास एक अशा उतारावर तिचे शरीर सुमारे 20 न्यूटन बलाने पुढे घसरू पाहते. ताशी 15 किलोमीटर वेगाने जाताना तिने 2 सेकंदांत सायकल थांबवली, तर शरीराचा वेग शून्यावर आणायला आणखी सुमारे 83 न्यूटन लागतात. बेरीज 100 न्यूटनच्या वर, म्हणजे 10 किलो वजनाएवढी! सीटशी होणारे घर्षण आणि पायडलवरचे पाय यांतला काही वाटा उचलतात, उरलेला हातांवर येतो. नेमक्या त्याच क्षणी बोटे ब्रेक दाबण्यात गुंतलेली असतात. मूळची ग्रिप झिजून गळून पडली असेल, तर हाताखाली उरते पावसाने ओली झालेली गुळगुळीत लोखंडी नळी.

दुसरा त्रास हळूहळू होतो. तळहाताच्या करंगळीकडील बाजूने अल्नर नावाची मज्जा जाते. तिच्यावर फार वेळ दाब राहिला की करंगळी आणि अनामिकेचा निम्मा भाग बधिर होतो. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे आपण खिळ्याच्या उदाहरणाने शिकवतो. इथे तो मुलांना स्वतःच्या हातात सापडतो.

म्हणून आधी हँडल वर घ्यावे. त्याच्या दांड्यावर कमाल उंचीची खूण असते. ती नळीच्या बाहेर दिसता कामा नये. त्यापुढे दांडा आत फारच थोडा उरतो आणि तो निसटण्याची किंवा मोडण्याची भीती असते. दांड्यांचे ब्रेक असलेल्या जुन्या सायकलींचे हँडल हलवले की ब्रेकही पुन्हा जुळवावे लागतात. ते काम दुकानातच करून घ्यावे. तारेच्या ब्रेकचे खटके मनगट न वाकवता बोटांत येतील असे फिरवावेत. एवढे झाल्यावरच पट्टी गुंडाळावी. आधी गुंडाळली तर खटका सरकवताना ती सोडावी लागते.

पट्टी कशाची? आमच्या मते जुन्या ट्यूबची रबरी पट्टी उत्तम, कारण ती पाणी पीत नाही आणि ताणून बसते. सुती कापडही चालते, पण ते ओले राहून खालची नळी गंजवते. गुळगुळीत प्लॅस्टिक नको.

किती लागेल, हे गणिताच्या तासाला काढून घ्या. नळीचा व्यास 2.2 सेंटीमीटर, म्हणजे परीघ सुमारे 6.9. गुंडाळायची लांबी 12 सेंटीमीटर. पट्टी अडीच सेंटीमीटर रुंद आणि प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर निम्मा चढवलेला, म्हणजे सगळीकडे दोन थर. 12 × 6.9 × 2 भागिले 2.5, सुमारे 66 सेंटीमीटर. बांधायला थोडी जास्त घ्यावी, मात्र रबर ताणले जाते हेही लक्षात असू द्यावे. पट्टी एक मिलिमीटर जाड असेल तर दोन थरांनी नळीचा व्यास 4 मिलिमीटरने वाढतो. हाताला टेकायला जास्त जागा मिळते आणि दाब कमी होतो.

वेढे कोणत्या दिशेने द्यावेत? नळीभोवती रुमाल सैल गुंडाळून त्यावर भार द्या आणि ब्रेक दाबा. रुमाल ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने पट्टीचे पुढचे पुढचे वेढे द्यावेत, म्हणजे हात तिला सोडवण्याऐवजी आवळत राहतो. सुरुवात कुठून करायची, याचे उत्तर घराच्या कौलांत आहे. पाणी वरच्या कौलावरून खालच्यावर न अडता उतरते, तसा घसरणारा हात पट्टीच्या कडांवरून जायला हवा, कडांमध्ये शिरायला नको. सरळ हँडलवर हात बाहेर सरकतो, म्हणून टोकापासून आत यावे. मागे वळलेल्या हँडलवर तो पुढे खटक्याकडे सरकतो, तेव्हा खटक्यापासून टोकाकडे जावे.

नळीचे उघडे टोक मात्र लाकडाच्या किंवा रबराच्या बुचाने घट्ट बंद करायलाच हवे. पडताना ते पोटात घुसून मुलांना गंभीर इजा झाल्याचे डॉक्टरांनी अनेकदा नोंदवले आहे. पावसाळा संपला की पट्टी सोडून नळी कोरडी पुसावी, गंज घासून काढावा आणि पट्टी पुन्हा गुंडाळावी. तोवर मुलीची उंची आणखी वाढली असेल, तर सीट आणि हँडल दोन्ही त्याच वेळी तपासून घ्यावेत.