टोकन, रोल आणि सातबारा: सर्व्हर तुम्हाला ओळखतो कसा?

ज्यांना हेडफोन लावून ऐकणं जमलं नाही, त्यांच्यासाठी हा या भागाचा लेखी मजकूर. विषय टेक्निकल आहे, पण हातकणंगले स्टेशनवरून निघालो की सोपा होतो.

वेब सर्व्हर विसराळू असतो. त्याच्यासाठी तुमची प्रत्येक रिक्वेस्ट नवीच. मग दर क्लिकला पासवर्ड मागायचा का? नाही. एकदा लॉगिन झालं की तो तुम्हाला टोकन देतो, म्हणजे रेल्वेचा पासच समजा. हातकणंगल्याहून कोल्हापूरला रोज जाणाऱ्याला टीसी दरवेळी तिकीट खिडकीवर पाठवत नाही. पास खरा आहे ना, मुदत आहे ना, एवढंच बघतो.

बऱ्याच अ‍ॅपमध्ये हे टोकन जेडब्ल्यूटी प्रकारचं असतं. 2015 साली त्याचं मानक ठरलं. टिंबांनी जोडलेले तीन तुकडे: प्रकार, माहिती आणि सही. गंमत म्हणजे मधली माहिती सहसा कुणीही वाचू शकतं, म्हणून त्यात पासवर्ड कधीच ठेवायचा नाही. पण तिथे ‘विद्यार्थी’ खोडून ‘अ‍ॅडमिन’ लिहिलंत, तर सही जुळत नाही आणि सर्व्हर टोकन नाकारतो. मात्र अख्खं टोकनच चोरीला गेलं, तर चोरही आत शिरतो. म्हणून मुदत कमी ठेवायची.

आता दुसरा प्रश्न. पास खरा आहे, पण सेकंड क्लासचा. फर्स्ट क्लासमध्ये चालेल का? नाही! ओळख पटणं वेगळं, परवानगी असणं वेगळं. ओळखच पटली नाही तर सर्व्हर 401 म्हणतो. ओळख पटली पण अधिकार नाही, तर 403.

याचं घरातलं उदाहरण म्हणजे सातबारा. जमीन विकली की फेरफाराची नोंद तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, घेतात. संबंधितांना नोटीस जाते, हरकतीसाठी 15 दिवस मिळतात, आणि मग नोंद प्रमाणित करतात मंडळ अधिकारी. आपण नागरिक उतारा फक्त बघू किंवा डाउनलोड करू शकतो. हेच तीन रोल! नोंद घेणारा आणि मंजूर करणारा एकच असता, तर एका चोरलेल्या लॉगिनवर कुणाचंही रान दुसऱ्याच्या नावावर चढलं असतं.

आणि नुसता रोल पुरत नाही. तलाठी खरा असला, तरी गाव त्याच्याच सजातलं आहे का, हेही तपासावं लागतं. कॉलेज प्रोजेक्टमध्ये नेमकं इथंच घोडं अडतं. पोरं ‘डिलीट’चं बटण लपवतात आणि झालं म्हणतात. पण बटण लपलं तरी लिंक उघडीच असते. पत्त्यातला 101 बदलून 102 केला, की दुसऱ्याची मार्कशीट समोर! ओवास्पच्या 2021 च्या धोक्यांच्या यादीत पहिला नंबर याच चुकीचा आहे.

म्हणून प्रत्येक रिक्वेस्टला सर्व्हरवरच तीन प्रश्न विचारा: तू कोण? तुला हे काम करता येतं का? आणि ही वस्तू तुझ्या हद्दीतली आहे का?

तुमच्या प्रोजेक्टमध्ये तो 101 आजच बदलून बघा. काय दिसलं, ते आम्हाला नक्की कळवा!