कार्डांचा कट्टा

दोस्तांनो, आधी एका प्रश्नाचं उत्तर द्या बरं! गल्लीत क्रिकेट खेळताना चेंडू थेट शेजारच्या काकूंच्या घरात गेला, तर काय होतं?

‘आउट!’

बरोबर. आणि एक टप्पा पडलेला चेंडू एका हातानं झेलला तर? तोही आउट. धाकटा भाऊ खेळायला आला आणि पहिल्याच चेंडूवर त्रिफळा उडाला तर? तो मात्र आउट नाही, कारण तो ‘कच्चं लिंबू’!

आता सांगा, हे नियम क्रिकेटच्या कुठल्या पुस्तकात आहेत? कुठल्याच नाहीत. ते तुम्ही ठरवलेत. गल्ली अरुंद, काकू तापट आणि भाऊ लहान, म्हणून ठरवलेत. खेळ तोच, पण सगळ्यांना खेळता यावं म्हणून त्याला घातलेली ही आपली चौकट. पत्त्यांच्या जगात अशा चौकटीला ‘फॉरमॅट’ म्हणतात. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे. आणि ती सुरू होते आमच्या उंब्रजला.

दहा हजारांचा नव्हे, दहा कार्डांचा खेळ

सातारा सोडून कऱ्हाडकडे निघालात की महामार्गावर उंब्रज लागतं. तारळी नदी इथं कृष्णेला मिळते. समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक मारुती आमच्या गावात आहे. १९९० नंतरच्या त्या वर्षांत मे महिन्याची सुट्टी लागली की मुंबईचे पाहुणे यायचे. आणि त्यांच्या पिशवीतून यायची कुस्तीगिरांची कार्डं!

तुमच्या आईबाबांना विचारा, त्यांचे डोळे चमकतील. डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं! (त्या संस्थेचं नाव २००२ मध्ये डब्ल्यूडब्ल्यूई झालं.) कार्डावर अंडरटेकर, योकोझुना, ब्रेट हार्ट असे पहिलवान. फोटोखाली आकडे : रँक, उंची, वजन, छाती, दंड, लढलेल्या कुस्त्या, जिंकलेल्या कुस्त्या. आपल्या गठ्ठ्यातलं वरचं कार्ड बघायचं आणि एक आकडा पुकारायचा. ‘वजन!’ समोरच्यापेक्षा आपला आकडा मोठा असला की दोन्ही कार्डं आपली.

खरं तर एकच गठ्ठा पिसून सगळ्यांत वाटायचा, अशी मूळची रीत. पण आमच्याकडे ज्याची त्याची कार्डं वेगळी. कोणाकडे बारा, कोणाकडे वीस. मग प्रत्येकजण आपापला गठ्ठा घेऊन यायचा आणि खेळ असायचा ‘ठेवून’. म्हणजे जिंकलेलं कार्ड कायमचं जिंकणाऱ्याचं. गोट्यांसारखंच!

एका सुट्टीत काय झालं, ऐका. आमच्यातल्या एका मुलाला घरून पैसे मिळायचे. त्यानं कऱ्हाडहून एकदम चार पाकिटं आणली. त्यातली हलकी कार्डं काढून टाकली आणि नुसते धिप्पाड पहिलवान ठेवले. दोन दिवसांत कट्ट्यावरची निम्मी कार्डं त्याच्या खिशात! सगळ्यात धाकट्या भिडूनं पाहुण्यांनी हातावर ठेवलेल्या पैशांतून बारा कार्डं घेतली होती. ती एका दुपारीत गेली. तो रडला नाही, भांडला नाही. दुसऱ्या दिवशी नुसता आलाच नाही.

तिसऱ्या दिवशी आणखी दोघं आले नाहीत. आता त्या श्रीमंत गठ्ठ्याशी खेळायला उरलं कोण?

माझी थोरली चुलत बहीण तेव्हा नववीत होती. आम्ही तिला आक्का म्हणायचो. तिनं वहीच्या शेवटच्या पानावर तीन नियम लिहिले. एक : प्रत्येकानं दहाच कार्डं आणायची. दोन : पहिल्या पाच रँकमधलं एकच कार्ड चालेल. तीन : जिंकलेली कार्डं दिवस मावळताना परत करायची, फक्त गुण लिहून ठेवायचे.

चार पाकिटंवाला उसळलाच! ‘‘माझ्या पैशाची कार्डं हायत. म्या का न्हाय लावायची?’’

आक्का शांतपणे म्हणाली, ‘‘लाव की. पण खेळणार कुणासंगं?’’

तो दोन दिवस रुसून बसला. मग आला. आणि गंमत म्हणजे तोच पुन्हा जिंकायला लागला! पण आता वेगळ्या कारणानं. त्याला सगळ्या कार्डांचे सगळे आकडे पाठ होते. वजनात भारी असलेला पहिलवान जिंकलेल्या कुस्त्यांत कुठं कमी पडतो, हे तो ओळखायचा. दहाच कार्डं निवडायची म्हटल्यावर आम्हीही डोकं चालवायला लागलो. धाकटाही परत आला. त्या सुट्टीत आम्हाला तो खेळ पहिल्यांदा खरा कळला.

तिकडे अमेरिकेत

आता पत्त्यांचा एक मोठा फरक लक्षात घ्या. मेंढीकोट खेळताना ५२ पत्ते सगळ्यांचे मिळून एकच असतात. आपल्या सावंतवाडीची गोल, रंगीत गंजिफा माहीत आहे ना? दशावतारी गंजिफेत दहा अवतारांची प्रत्येकी १२, अशी १२० पानं असतात. तीही सगळ्यांची एकच. नशिबानं जे हातात येईल ते येईल, पण गठ्ठा समान.

१९९३ मध्ये रिचर्ड गारफील्ड नावाच्या अमेरिकन गणितज्ञानं वेगळीच कल्पना काढली. ‘मॅजिक : द गॅदरिंग’ हे त्याच्या खेळाचं नाव. त्यात प्रत्येक खेळाडू स्वतः निवडलेला गठ्ठा घेऊन येतो. दोन खेळाडू म्हणजे दोन जादूगार. कार्डावर कुठं राक्षस, कुठं मंत्र, तर कुठं मंत्रांना बळ देणारी जमीन. कार्डं बंद पाकिटात मिळतात. आत काय निघेल ते फोडल्याशिवाय कळत नाही. नको ती कार्डं मित्रांशी अदलाबदल करायची. म्हणून याला ‘ट्रेडिंग कार्ड गेम’ म्हणतात. पोकेमॉनची कार्डं १९९६ मध्ये जपानात आली, ती याच्या मागोमाग.

गारफील्डला वाटलं होतं, लोक थोडीशी पाकिटं घेतील आणि प्रत्येकाकडे वेगवेगळी कार्डं असतील. झालं उलटंच! लोकांनी पेट्याच्या पेट्या विकत घेतल्या. सुरुवातीला एकाच कार्डाच्या कितीही प्रती गठ्ठ्यात ठेवता यायच्या. म्हणजे ज्याच्या खिशात पैसे, त्याच्या गठ्ठ्यात सगळी दांडगी कार्डं. शिवाय सुरुवातीच्या नियमांत एक कार्ड पणाला लावायचं आणि जिंकणाऱ्यानं ते ठेवून घ्यायचं, असंही होतं!

आलं ना लक्षात? आमच्या उंब्रजच्या कट्ट्यावरचं भांडण आणि अमेरिकेतलं भांडण अगदी एकच!

उपायही तसाच निघाला. जानेवारी १९९४ मध्ये स्पर्धांसाठी नियम झाले : गठ्ठ्यात किमान ६० कार्डं हवीत, साध्या जमिनी सोडून एका कार्डाच्या जास्तीत जास्त चारच प्रती, आणि काही फार ताकदवान कार्डांवर मर्यादा किंवा बंदी. कार्ड पणाला लावण्याची पद्धतही मागं पडली. १९९५ पासून वेगवेगळे फॉरमॅट आले. एकात फक्त नवी कार्डं चालायची, दुसऱ्यात जुनीही.

कंगालांचा फॉरमॅट

या सगळ्यांत मला सर्वांत आवडलेल्या फॉरमॅटचं नाव आहे ‘पॉपर’. पॉपर म्हणजे कंगाल! नाव ऐकून हसू नका. त्यामागची युक्ती बघा.

मॅजिकच्या जुन्या पद्धतीच्या १५ कार्डांच्या पाकिटात साधारण ११ कार्डं ‘कॉमन’ असायची, ३ त्याहून कमी मिळणारी आणि १ दुर्मीळ. सगळ्यांचा डोळा त्या एका दुर्मीळ कार्डावर. उरलेली ११ खोक्यात पडून राहायची. दुर्मीळ कार्डांच्या किमती तर विचारूच नका. ‘ब्लॅक लोटस’ या कार्डाची पहिल्या छपाईतली एक प्रत २०२१ मध्ये ५,११,१०० डॉलरला विकली गेली! तेवढ्यात आपल्याकडे मोठा बंगला उभा राहील.

तेव्हा काही खेळाडू म्हणाले, आपण ती खोक्यातली कार्डंच घेऊन खेळू. फक्त कॉमन! आधी संगणकावर खेळणाऱ्यांत हा प्रकार रुजला. २०१९ मध्ये कंपनीनं टेबलावरच्या स्पर्धांसाठीही त्याला मान्यता दिली. आता महागडं कार्ड लावून जिंकायची सोयच उरली नाही. गठ्ठा स्वस्तात तयार होतो, म्हणून खेळणारे दोन-दोन गठ्ठे करतात. एक आपल्यासाठी आणि एक नव्या पाहुण्याला खेळायला द्यायला. कट्ट्यावर जास्तीचा पाट मांडून ठेवावा, तसं!

पण म्हणून खेळ सोपा झाला असं समजू नका. सगळ्यांची कार्डं साधी असली की कोणतं कार्ड कोणाच्या जोडीला ठेवायचं आणि कोणतं कधी टाकायचं, यावरच डाव ठरतो. साध्या कार्डांतही काही डोईजड निघतात. मग काय करायचं? २०२२ च्या जानेवारीत पॉपरसाठी एक समिती नेमली गेली. त्यात एकजण कंपनीचा आणि सहाजण वेगवेगळ्या ठिकाणचे खेळणारे. त्याच महिन्यात ‘एटॉग’ या जुन्या कार्डावर बंदी आली, कारण त्याच्या जोरावर एकाच प्रकारचे गठ्ठे भारी पडायला लागले होते. समितीनं आपल्या निर्णयांची कारणंही सगळ्यांना समजावून सांगायची पद्धत ठेवली. आमच्या आक्कासारखीच!

हरल्यावर घरी जायचं नाही

अशा स्पर्धा होतात कशा? बहुतेक खेळण्यांच्या किंवा पुस्तकांच्या दुकानाच्या कोपऱ्यात, चार टेबलं मांडून. आपल्याकडे पुण्या-मुंबईतही असे गट जमतात. स्पर्धा बहुधा ‘स्विस’ पद्धतीची. सांगलीला बुद्धिबळाच्या स्पर्धांना गेलेल्यांना हा शब्द माहीत असेल. १८९५ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या झुरिकच्या बुद्धिबळ स्पर्धेत ही पद्धत प्रथम वापरली, म्हणून हे नाव. यात हरलेला बाहेर पडत नाही. पुढच्या फेरीत जवळपास तितकेच गुण असलेल्या दुसऱ्याशी त्याची गाठ पडते. पहिली फेरी हरलेला पोरगाही संध्याकाळपर्यंत चार-पाच डाव खेळतो.

डाव संपला की हात मिळवायचा. आणि मग खरी मजा! ‘‘तू ते कार्ड आधी टाकलं असतंस तर मी अडकलो असतो,’’ असं जिंकणाराच हरणाऱ्याला सांगतो. घरी जाताना अदलाबदल होते.

सगळं गोडगोड असतं असं मात्र नाही. ‘कमांडर’ हा दुसरा लोकप्रिय फॉरमॅट. १०० कार्डांचा, आणि साध्या जमिनी सोडल्या तर प्रत्येक कार्ड एकदाच. त्याचे नियम कितीतरी वर्षं हौशी खेळाडूंची समिती सांभाळत होती. सप्टेंबर २०२४ मध्ये समितीनं चार ताकदवान कार्डांवर बंदी घातली. त्यातली काही फार महाग होती. बंदी येताच त्यांच्या किमती कोसळल्या आणि चिडलेल्या काही लोकांनी समितीतल्या माणसांना चक्क धमक्या दिल्या! आठवड्याभरात समितीनं फॉरमॅटचा कारभार कंपनीकडे सोपवून दिला. विचार करा दोस्तांनो, ही मोठी माणसं होती. त्यांच्या लेखी कार्ड आधी पैसा होतं, खेळ नंतर. पैसा बुडाला म्हटल्यावर समोरचा आपलाच भिडू आहे, हेही ते विसरले.

म्हणून मला आक्काचा प्रश्न पुन्हा पुन्हा आठवतो. खेळणार कुणासंगं? दांडगं कार्ड पैशांनी मिळेल. समोर बसणारा भिडू नाही मिळायचा.

या सुट्टीत करून बघा

कार्डं विकतच हवीत असं कोणी सांगितलं? लग्नपत्रिकांचे जाड कागद कापा. प्रत्येक कार्डावर आपल्या भागातला एक किल्ला काढा : अजिंक्यतारा, सज्जनगड, तळबीडजवळचा वसंतगड, कऱ्हाडजवळचा सदाशिवगड. खाली आकडे लिहा : समुद्रसपाटीपासूनची उंची, चढायला लागणारा वेळ, पाण्याची टाकी, आपल्या गावापासूनचं अंतर. आकडे ठोकून द्यायचे नाहीत हं! पुस्तकात शोधा, नाहीतर बाबांना घेऊन गडावर जा आणि मोजा.

मग सगळे भिडू बसा आणि नियम ठरवा. किती कार्डं? भारी कार्डं किती? कच्चं लिंबू कोण? वहीच्या शेवटच्या पानावर लिहा आणि सगळ्यांच्या सह्या घ्या. आठ दिवस खेळून बघा. एखादा भिडू यायचा बंद झाला, तर त्याला रड्या म्हणण्याआधी ते पान पुन्हा उघडा. कदाचित नियमच चुकला असेल.

आणि आईबाबांनो, तुमच्यासाठी

बंद पाकिटाची ओढ फार जबर असते. ‘पुढच्यात नक्की निघेल’ असं मुलांना वाटत राहतं. तेव्हा महिन्याचा आकडा आधीच ठरवा आणि त्यावर ठाम राहा. पण ‘काय ते कागदाचे तुकडे!’ असं मात्र म्हणू नका. एखाद्या रविवारी मुलासमोर बसा आणि म्हणा, ‘‘मला शिकव.’’ नियम समजावून सांगताना त्याला पाहा. आणि हो, पहिल्या दिवशी तुम्हीच कच्चं लिंबू!