पाया खोदताना अवजार मातीनुसार निवडणे आवश्यक

तामिळनाडूतील तंजावूर जिल्हा कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात वसलेला आहे. येथील गाळाची चिकण माती उन्हाळ्यात अत्यंत कठीण होते, तर ऑक्टोबर ते डिसेंबरमधील ईशान्य मोसमी पावसात ती अवजाराला चिकटून बसते. त्यामुळे घराचा पाया खोदण्यासाठी एकच अवजार बारा महिने पुरत नाही.

येथील मजुरांचे मुख्य अवजार म्हणजे 'मण्वेट्टी', अर्थात फावडे. तमिळमध्ये या शब्दाचा अर्थ 'माती कापणारी' असा होतो. कोरडी जमीन मात्र आधी पहारीने फोडावी लागते. तिच्यावर थेट फावडे चालविल्यास पाते वाकते किंवा दांडा मोडतो. आखूड दांडा अरुंद चरात सोयीचा असला तरी त्याने कंबरेवर ताण येतो. मोकळ्या जागेत लांब दांडा बसवून घेणे हिताचे ठरते.

बोथट धार कानशीने घासावी. पाते फार झिजल्यास लोहाराकडून तापवून ठोकून घ्यावे. सैल दांड्यातून निसटलेले पाते शेजारच्या मजुराच्या जिवावर बेतू शकते. दांडा पाण्यात भिजवून घट्ट होतो, परंतु वाळताच पुन्हा सैल पडतो. म्हणून काम सुरू करण्यापूर्वी रोज पाचर तपासणे, हाच खात्रीचा उपाय होय.