तळमजल्यावरची सातवी

दिघीच्या आसपास लष्कराचा वावर, त्यामुळे पुनर्वसन हा शब्द इथल्या माणसाला नवा नाही. पलीकडे खडकीला क्वीन मेरीज टेक्निकल इन्स्टिट्यूट आहे. पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेल्या जवानांना कामधंदा शिकवण्यासाठी १९१७ साली सुरू झालेली ही संस्था. कण्याला इजा झालेल्या जवानांचं खडकीचं पुनर्वसन केंद्र १९७४ चं. त्याच वर्षी अपंग मुलांना नेहमीच्या शाळेत शिकवण्याची केंद्र सरकारची एकात्म शिक्षण योजनाही आली. पण तिचा उजेड साध्या शाळांत पडायला फार वर्षं गेली.

१९९७ मध्ये दिघी महापालिकेत आली, तेव्हा मी जवळच्याच एका शाळेत शिकवत होते. वर्षभरापूर्वी अपंग व्यक्ती कायदा लागू होऊन अठरा वर्षांपर्यंतचं मोफत शिक्षण हक्काचं झालं होतं. प्रवेशाला कुणी नाही म्हणत नसे. अडायचं ते जिन्यापाशी. पोलिओ झालेल्या एका मुलीचे वडील भोसरीच्या कंपनीतली रात्रपाळी करून येत आणि झोपण्याआधी तिला पाठुंगळी घेऊन दुसऱ्या मजल्यावर सोडत. शाळा सुटेपर्यंत ती पाणी पीत नसे, कारण शौचालय खाली होतं. हे मला सहा महिन्यांनी कळलं, याची बोच अजून आहे. पुढच्या जूनमध्ये तिचा सातवीचा वर्ग खाली आला. बाकं उतरवायला दोन तास लागले, बस्स.

२०१० पासून शिक्षणहक्क कायद्याने अडथळामुक्त इमारत बंधनकारक केली, २०१६ च्या कायद्याने मागण्या आणखी स्पष्ट केल्या. रॅम्प झाले, पण उभ्या चढाचे. एकास बारा हे प्रमाण धरलं तर अर्ध्या मीटरच्या जोत्याला सहा मीटर लांबीचा रॅम्प लागतो. तेवढी जागा सोडायला हवी, नाहीतर खुर्ची ढकलणाऱ्याचीच दमछाक.

१३ जानेवारी २०११ नंतर देशात नैसर्गिक पोलिओचा रुग्ण सापडला नाही. आता वर्गात येतात ती सेरेब्रल पाल्सीची मुलं. काहींचा हातही सावकाश चालतो, त्यांना परीक्षेत जादा वेळ आणि लेखनिक लागतो. आणि स्नायू क्षीण होत जाणारे मुलगे. तिसरीत धावणारा मुलगा सातवीत चाकाच्या खुर्चीवर असू शकतो. म्हणून निवृत्त होईपर्यंत दर मार्चला मी मुख्याध्यापकांना विचारत असे: जूनमध्ये याचा वर्ग कुठल्या मजल्यावर?